सलाईनची बाटली उंच का टांगतात? बीपीच्या पाऱ्याशी तिचा काय संबंध?

पेशंटला बाथरूमला न्यायचं असतं. सोबतचा नातेवाईक सलाईनची बाटली हातात धरून मागे चालतो, चालता चालता हात खाली येतो आणि नळीत रक्त चढायला लागतं. लगेच सिस्टर ओरडतात, "बाटली वर धरा!" हा प्रसंग तुम्हीही पाहिला असेल.

द्रवाचा स्तंभ जितका उंच, तितका त्याच्या तळाशी दाब जास्त. नळी जाड आहे की बारीक, याने काही फरक पडत नाही. उंची किती आणि द्रव किती जड, एवढंच बघायचं. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड असतो, म्हणून १ मिमी पारा म्हणजे १.३६ सेमी पाणी. पाऱ्याचा आकडा पाण्यात हवा असेल तर १.३६ ने गुणा, उलट जायचं असेल तर भागा.

आता बीपीचा वरचा आकडा घ्या, १२०. हे १२० मिमी पारा असतात. १२० × १.३६ = १६३ सेमी. म्हणजे पाण्याचं बीपी मशीन बनवलं, तर त्याची नळी जवळपास माणसाएवढी उंच लागेल! गंमत म्हणून सांगत नाही, असं खरंच घडलंय. इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली होती आणि रक्त ८ फुटांच्याही वर चढलं होतं. हा प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाला. पारा वापरला असता तर साधारण २० सेमीत काम भागलं असतं.

हाताच्या शिरेतला दाब मात्र अगदी कमी असतो. हृदयाच्या पातळीला तो साधारण १० मिमी पारा किंवा त्याहून कमी, म्हणजे जेमतेम १३-१४ सेमी पाणी. बाटली हृदयापासून मीटरभर वर असली की १०० सेमी पाणी, म्हणजे सुमारे ७४ मिमी पारा इतका दाब मिळतो आणि सलाईन आरामात आत जातं. बाटली हृदयाच्या पातळीला आली की उलटा प्रवास सुरू.

आयसीयूत धमनीत नळी घातलेली असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे सलाईनच्या पिशवीभोवती हवेची पिशवी गुंडाळून ३०० मिमी पाऱ्याइतका दाब देतात. तोच दाब नुसत्या उंचीने द्यायचा तर पिशवी ४०८ सेमीवर टांगावी लागेल. वॉर्डाचं छतही तेवढं उंच नसतं.

खरी भीती एककांच्या गोंधळाची. व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिकेत बसवताना तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा हवेने फुगवतात. त्याचा दाब २० ते ३० सेमी पाणी ठेवायचा असतो. कुणी पाऱ्याच्या मीटरवर ३० बघून थांबलं, तर प्रत्यक्षात ४१ सेमी पाण्याइतका दाब गेलेला असतो. एवढ्या दाबाने श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो आणि तासन्‌तास तसंच राहिलं तर आत जखम होऊ शकते. पाऱ्याच्या मीटरवर ही मर्यादा १५ ते २२ मिमी एवढीच येते.