कंटेनर जहाजाचं मॉडेल कसं बनवायचं? माप आणि तोल बरोबर असेल तरच ते पाण्यात उभं राहतं

पारशिवनी : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जहाजाचं मॉडेल दरवर्षी कुणीतरी मांडतंच. थर्माकोलची बोट, वर काड्यापेट्यांचे कंटेनर आणि बाजूला झेंडा. दिसायला छान असतं, पण परीक्षकांनी "हे किती मापाचं आहे?" किंवा "पाण्यात सोडून दाखव" म्हटलं की पंचाईत होते. आपल्या तालुक्यातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही चाळीस फुटी कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर कन्हानजवळच्या हायवेवर दिसतात. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपुरी संत्र्यांचा थंड कंटेनर वाशीहून दुबईला रवाना झाला होता. म्हणजे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

चांगलं मॉडेल महाग सामानाने बनत नाही. माप आणि वजन या दोन गोष्टी खऱ्या जहाजाप्रमाणे असल्या पाहिजेत. ते कसं करायचं, ते पाहू.

आधी प्रमाण ठरवा

तलाठी कार्यालयातला गाव नकाशा जसा ठराविक प्रमाणात काढलेला असतो, तसंच मॉडेलचं असतं. आपण १:४०० प्रमाण घेऊ. म्हणजे खऱ्या जहाजाचे ४०० सेंटिमीटर, मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर.

नमुना म्हणून 'डाली' हे जहाज घ्या. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरचा मोठा पूल ज्याच्या धडकेने कोसळला, तेच हे जहाज. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. त्याची मापं अशी बसतात :

- लांबी सुमारे ३०० मीटर : मॉडेलमध्ये ७५ सेंमी
- रुंदी सुमारे ४८ मीटर : १२ सेंमी
- तळापासून डेकपर्यंत उंची सुमारे २५ मीटर : ६ सेंमीपेक्षा थोडी जास्त
- पाण्याखालचा भाग १२ मीटर धरला तर : ३ सेंमी
- चाळीस फुटी कंटेनर (१२.१९ × २.४४ × २.५९ मीटर) : साधारण ३० × ६ × ६.५ मिमी

मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलेलं 'एव्हर गिव्हन' ४०० मीटर लांब आहे. याच प्रमाणात ते बरोबर १ मीटरचं होईल.

सामान कुठलं घ्यायचं?

थर्माकोल टाळा. त्याच्या सजावटीच्या वस्तूंवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. शिवाय स्प्रे पेंट मारला की ते विरघळतं. त्याऐवजी ५ मिमी जाडीची पीव्हीसीची सनबोर्ड शीट घ्या. जाहिरातीचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात, त्यांना विचारून पाहा. ही शीट पाण्याने फुगत नाही आणि कटरने कापता येते. चिकटवायला शेतात पीव्हीसी पाईप जोडतो तेच सोल्युशन चालतं. मात्र त्याचा वास डोक्यात जातो आणि ते पेट घेतं. म्हणून काम अंगणात, चुलीपासून लांब करा. कटर चालवताना मोठं माणूस सोबत हवं.

थरावर थर : जहाजाचा सांगाडा

१. कार्डशीटवर जहाज वरून जसं दिसतं तसा आकार काढा. मधला अर्धा भाग सरळ पेटीसारखा ठेवा. पुढचं टोक निमुळतं, मागचं टोक वर रुंद आणि खाली निमुळतं.

२. सनबोर्डचे १२ थर कापा. खालच्या थरांची दोन्ही टोकं जास्त निमुळती ठेवा, वरचे थर पूर्ण आकाराचे.

३. खालचे दोन थर अख्खे ठेवा. बाकीच्या दहा थरांचा मधला भाग कापून काढा, कडेला दीड सेंटिमीटरची भिंत राहू द्या. ही पायरी सोडू नका. सगळे थर भरीव ठेवले तर नुसत्या सांगाड्याचंच वजन जास्त होतं, मग तोल साधायला जागा उरत नाही.

४. थर चिकटवा, पायऱ्या पुट्टीने भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा.

५. पुढच्या टोकाला पाण्याखाली एम-सीलचं लिंबाएवढं फुगीर नाक बसवा. मोठ्या जहाजांना असं नाक असतं. त्यातून उठणारी लाट जहाजाच्या पुढच्या लाटेला कापते आणि इंधन वाचतं.

६. तळापासून ३ सेंमीपर्यंत रेड ऑक्साइड लावा, लोखंडी गेटला लावतो तोच. खऱ्या जहाजांचा पाण्याखालचा भाग बहुतेकदा असाच तांबूस असतो. वरचा भाग निळा किंवा काळा.

कंटेनर : इथेच बहुतेकांचं चुकतं

सुताराकडच्या ६ मिमी चौकोनी पट्टीचे ३० मिमीचे तुकडे पाडले की मापात कंटेनर तयार होतात. डेकवर आडवे १९ बसतात, लांबीत १७-१८ रांगा. पण सहा मजले भरीव लाकडाचे रचले तर वरचं वजन सव्वा किलोच्या घरात जातं आणि मॉडेल टबात सोडताच कलंडण्याची दाट शक्यता असते.

म्हणून कंटेनरचा ढीग आतून पोकळ ठेवा. कार्डशीटची पेटी बनवा. बाहेरून आणि वरून ३० × ६ मिमीचे रंगीत तुकडे चिकटवा. विटकरी, निळा, हिरवा, राखाडी असे रंग मिसळून लावा, एकसारखे नको. काही तुकडे पांढरे ठेवा. फळं, मासे नेणारे थंड कंटेनर बहुतेक पांढरे असतात. रिकाम्या पेनने उभ्या रेघा ओढल्या की पत्र्याच्या घड्या दिसतात.

कॅप्टनला समोरचं दिसतं का?

पुढच्या टोकापासून साधारण ५५ सेंमीवर खलाशांची इमारत बसवा, डेकपासून ८ सेंमी उंच. सर्वांत वर कॅप्टनची खोली. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की कॅप्टनला जहाजाच्या पुढे दोन जहाज-लांबी किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल त्यापलीकडचं पाणी दिसलंच पाहिजे. आपल्या मापात ५०० मीटर म्हणजे १२५ सेंमी. मॉडेलच्या पुढे टेबलावर तेवढ्या अंतरावर, पाण्याच्या रेषेच्या उंचीवर खडूची खूण करा. खोलीच्या खिडकीपाशी डोळा किंवा मोबाईलचा कॅमेरा लावा. खूण दिसली नाही तर पुढच्या कंटेनरचे मजले कमी करा.

आता वजन आणि तोल

लांबी, रुंदी, उंची तिन्ही ४०० पटीने कमी झाल्या, म्हणून वजन ४०० × ४०० × ४०० म्हणजे ६ कोटी ४० लाख पटीने कमी व्हायला हवं. हिशेब सोपा आहे. मॉडेलने बाजूला सारलेलं पाणी म्हणजे ७५ × १२ × ३ सेंमी. टोकं निमुळती असल्याने त्याचा दोन तृतीयांशाहून थोडा कमी भाग धरा. उत्तर साधारण पावणेदोन किलो येतं. खऱ्या जहाजाचे ते लाखाहून जास्त टन होतात.

मॉडेल टबात सोडा. तांबूस रेषेपर्यंत बुडेस्तोवर तळात लोखंडी नट-बोल्ट समान पसरून ठेवा. मग बोटाने एका बाजूला दाबून सोडा. पटकन सरळ झालं तर तोल बरोबर. हळूहळू, आळसावल्यासारखं उठलं तर वर वजन जास्त आहे.

परीक्षकांसमोर हेच उलटं करून दाखवा. तळातले नट काढून कंटेनरवर ठेवा. लहान वजनाने केवढा फरक पडतो ते सगळ्यांना दिसेल. नंतर नट तळात परत ठेवून आत एक पेला पाणी ओता. मॉडेल कललं की पाणीही त्याच बाजूला धावतं आणि जहाजाला आणखी कलवतं.

हा खेळ नाही. २४ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा ३' हे १८४ मीटरचं जहाज असंच एका बाजूला कललं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. २४ जणांचा जीव वाचला, पण कंटेनर आणि प्लास्टिकचे दाणे किनाऱ्याला लागले आणि मच्छीमारांचे हाल झाले.

मोठे अभियंतेही हेच करतात

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, १९१६ मध्ये सुरू झालेली. तिथे बंदरांची लहान प्रमाणातली मॉडेल बनवून त्यात भरती-ओहोटी आणि लाटा सोडून पाहतात. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात जहाजांची मॉडेल पाण्याच्या हौदात ओढून एक नियम सिद्ध केला. माप ४०० पटीने कमी असेल तर वेग ४०० च्या वर्गमुळाने, म्हणजे २० पटीने कमी ठेवायचा. खरं जहाज ताशी ३७ किलोमीटरने जात असेल तर आपलं मॉडेल दोऱ्याने सेकंदाला अर्धा मीटर ओढा. तेव्हा उठणाऱ्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसतील. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून प्रदर्शनात लावता येईल.

चाचणी घरच्या टबात किंवा गुरांच्या हौदात करा. नवेगाव खैरी धरण किंवा पेंच नदीवर लेकरांनी एकट्याने अजिबात जाऊ नये.

प्रदर्शनात मॉडेलशेजारी एक कार्डशीट लावा. त्यावर प्रमाण, खरी मापं, मॉडेलची मापं आणि वजनाचा हिशेब लिहा. प्रश्न आला तर उत्तर तिथेच असेल, आणि पाण्याचा टब शेजारी तयार ठेवा.