वैमानिकाचा पहिला धडा : वाऱ्याचा त्रिकोण

वैमानिक व्हावे असे तुमच्यापैकी कित्येकांना वाटत असेल. मग सुरुवात कोठून करायची? विमानात बसण्याच्या पुष्कळ आधी, जमिनीवर, कागद आणि पेन्सिल घेऊन! कसे, ते पाहू या.

भारतात वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एक इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आले. विमानात रेडिओ नव्हता. वाट शोधायची ती नकाशा, होकायंत्र, घड्याळ व खालच्या खाणाखुणा यांच्या आधारे. आज उपग्रहांची मदत मिळते. तरीही शिकाऊ वैमानिकाला हे गणित यावेच लागते, कारण यंत्र चुकले तर ते ओळखणार कोण?

नदी पोहून जाणारा माणूस समोरच्या घाटाकडे तोंड करून पोहला, तर प्रवाह त्याला खाली वाहून नेतो. विमानाचेही तसेच. ते ज्या हवेत उडते ती हवाच सरकत असते. समजा, आपल्याला अ गावाहून थेट पूर्वेला १०० सागरी मैलांवरील ब गावी जायचे आहे. विमानाचा हवेतील वेग १०० नॉट, म्हणजे तासाला १०० सागरी मैल आहे. (एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.) उत्तरेकडून २० नॉटचा वारा वाहत आहे. विमानाचे नाक सरळ पूर्वेला ठेवले तर तासाभराने आपण ब गावाच्या दक्षिणेला २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर दूर असू! तेथे धावपट्टी नसणार.

यावरचा उपाय तुमच्या कंपासपेटीत आहे. १० नॉटला १ सेंटिमीटर हे प्रमाण घ्या. अ बिंदूपासून पूर्वेकडे लांब रेषा काढा. ही आपली वाट. अ पासूनच दक्षिणेकडे २ सेंटिमीटरची रेषा काढून टोकाला क म्हणा, हा वारा. आता कंपासमध्ये १० सेंटिमीटर अंतर घेऊन क केंद्र धरून कंस काढा. तो वाटेला जेथे छेदील तो बिंदू ड. क-ड ही विमानाच्या नाकाची दिशा. कोनमापकाने मोजा : ती पूर्वेच्या उत्तरेला सुमारे साडेअकरा अंश कललेली आढळेल. अ-ड ची लांबी सुमारे ९.८ सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवरील वेग ९८ नॉट. शिक्षकांनी वर्गात निरनिराळे वारे घेऊन ही आकृती अवश्य काढून घ्यावी.

आता एक कोडे. वारा समोरून ५० नॉटचा आहे आणि परत येताना तोच पाठीमागून मिळणार आहे. जाताना जेवढा तोटा तेवढाच येताना फायदा, म्हणून एकूण वेळ दोन तासच, असे तुम्ही म्हणाल. हिशेब करून पाहा. जाताना वेग ५० नॉट, म्हणून २ तास. येताना १५० नॉट, म्हणून ४० मिनिटे. एकूण २ तास ४० मिनिटे! वारा आपल्याला अडवतो तो जास्त वेळ आणि मदत करतो ती थोडा वेळ, म्हणून हिशेब कधीच फिटत नाही. दोन तासांपुरतेच इंधन घेऊन निघालेला वैमानिक ब गावी पोहोचतानाच टाकी रिकामी करून बसेल. आकाशात रस्त्याकडेला पेट्रोल पंप नसतो.

आता प्रत्यक्ष पायऱ्या. आपल्या देशात शिकाऊ वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १६ वर्षे पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असावे लागते. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८ वर्षे आणि उड्डाणाचा अनुभव किमान २०० तास लागतो. शिवाय हवाई नियम, दिशानयन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती यांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. आपला वाऱ्याचा त्रिकोण येतो तो दिशानयनात. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र व गणित सोडू नका, असे सांगतात ते यासाठीच.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या शिक्षणाला लाखो रुपये लागतात. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. चष्मा आहे एवढ्यावरून निराश होण्याचे कारण नाही. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चालते. मात्र रंग ओळखण्याची क्षमता तपासली जाते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची ताजी नियमावली पाहूनच निर्णय घ्यावा.

पण त्रिकोण काढायला ना वयाची अट, ना परवान्याची. वरच्या उदाहरणात वारा उत्तरेऐवजी ईशान्येकडून आला तर विमानाचे नाक किती अंश वळवावे लागेल आणि प्रवासाला किती वेळ लागेल? आज संध्याकाळी काढून पाहा!