तांब्याच्या जिल्ह्यातला डिझेल पाइप

रात्रभर उभी राहिलेली पिकअप सकाळी चालू होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. मिस्त्री बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबून बघतो आणि म्हणतो, "एअर घेतेय." मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात पावसाळा सरत आला, की हे वाक्य कानावर येतंच.

अनेक डिझेल पिकअपमध्ये इंजिनाकडचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या पाइपाला बारीक भोक पडलं, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर थेंबसुद्धा दिसत नाही. म्हणून जाणता मिस्त्री फिल्टरच्या अलीकडे थोडा वेळ पारदर्शक नळी जोडतो. तिच्यातून साबुदाण्यासारखे बुडबुडे धावताना दिसले, की दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामधे आहे, हे पक्कं.

गंज बहुधा पाइप चेसिसला धरणाऱ्या क्लिपखाली लागतो. वारासिवनीकडून धान, बैहरकडून बांबू आणणाऱ्या गाडीच्या चेसिसला चिखल लागतो. उघडा पाइप वाळतो, पण क्लिपमागचा गाळ ओलाच राहतो. तिथे लोखंड पातळ होत जातं. गंजकी जागा कापून रबरी नळीचा तुकडा घालणं ही चालढकल आहे. एक जागा सडली, तर पुढची क्लिपही सडायला आलेली असते. अख्खी लाइन बदलावी.

जुना पाइप न वाकवता काढतात, कारण नव्याचा साचा तोच. नवा पाइप गुडघ्यावर नाही, बेंडरवर वाकवायचा. दबला, की डिझेलची वाट अरुंद झाली. हॅकसॉऐवजी पाइप कटर वापरायचा. लोखंडाचा बारीक कीस आत राहिला, तर तो पंप आणि इंजेक्टरचं नुकसान करतो. रबरी नळी डिझेलचीच हवी. पाण्याची नळी डिझेलने फुगून मऊ पडते.

याच जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची खाण आहे, देशातल्या तांब्याच्या मोठ्या खाणींपैकी एक. मग पाइप तांब्याचाच का नको? तांबं सहज वाकतं, पण सततच्या हादऱ्याने कडक होऊन तडकतं. शिवाय तांब्याच्या संपर्कात डिझेल लवकर बिघडतं, त्यात चिकट राळ धरते. तांब्याची खरी जागा पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालच्या वायसरमध्ये. बोल्ट आवळला, की मऊ वायसर दबून बारीकसारीक खाचा भरतो. एकदा दबलेला वायसर मात्र कडक होतो. त्यावर गोल खाच उमटलेली नखाला लागते. लाल तापवून थंड केला, तर तो पुन्हा मऊ होतो, ही जुनी आणि खरी युक्ती आहे. पण खाच जात नाही.

लाइन बसली, की हातपंपाने फिल्टरमधली हवा काढायची. हवा काढायच्या स्क्रूतून बुडबुड्याविना धार आली, की आवळायचा. कॉमन रेलच्या गाडीत इंजिन चालू असताना उच्च दाबाचा पाइप सैल करू नये, गळती बोटाने तर मुळीच शोधू नये. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. ती धार कातडी भेदते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी लगेच दवाखाना गाठावा.

पाइप बदलून घेताना गॅरेजात जरा थांबा. काढलेले वायसर हातात घ्या, आणि नवे बसवले का, एवढं विचाराच.