उपाशीपोटी स्कॅन कशासाठी?

डॉक्टरांनी ‘पेट स्कॅन’ लिहून दिला की पुष्कळांना वाटते, पोटाचा फोटो काढायचा आहे. तसे नाही. ‘पेट’ ही इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. एक्स-रे शरीराचा आकार दाखवतो. इथे कुठल्या पेशी किती साखर ओढतात ते दिसते.

कॅन्सरच्या बहुतेक पेशी साखरेला हपापलेल्या असतात, हे जर्मनीच्या ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवले होते. पण बाहेरून ते दिसावे कसे? शास्त्रज्ञांनी युक्ती केली. ग्लुकोजच्या रेणूतली ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन बसवले. पेशी फसते. साखर समजून ती हा रेणू आत घेते, पचवायला सुरुवात करते आणि पहिल्याच पायरीवर गाडी अडते. रेणू पुढे पचत नाही, सहजी बाहेरही पडत नाही. त्याच्या किरणांवरून यंत्राला जागा कळते.

या औषधाचे नाव एफडीजी. १९७६ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ते तयार झाले आणि विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन दोघा स्वयंसेवकांना टोचले गेले. घाई करावीच लागते, कारण या फ्लोरीनची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी अंगात ते नावालाच उरते. तरी त्या दिवशी काही तास तान्ही मुले व गरोदर बायकांपासून दूर राहावे. भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला.

आता उपासाचे. “एक कप चहाने काय होते?” असे म्हणून माणसे घोटभर घेतात. त्याने रक्तातली साखर आणि इन्सुलिन वाढते, औषध स्नायूंत शिरते, गाठ फिकी पडते. हजारो रुपये पाण्यात! साधारण सहा तास काही खाऊ नये. साधे पाणी चालते. मधुमेह असल्यास आधीच सांगावे आणि गोळ्या-इन्सुलिनचे विचारून घ्यावे. हा आजार आपल्याला अनोळखी नाही, बाबासाहेबांनीही तो सोसला.

रिपोर्टमध्ये ठिपका चमकला की घरात रडारड होते, कोणी अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे धावते. पण मेंदू तर प्रत्येकाचाच चमकतो, मूत्राशयही. टीबीच्या गाठीसुद्धा अगदी कॅन्सरसारख्या चमकतात, आणि आपल्या चाळी-झोपडपट्ट्यांत टीबी काही कमी नाही. म्हणून डॉक्टर गाठीचा तुकडा तपासायला मागतात. तेव्हा घाबरून घरी परतू नका. टीबी निघाला, तर त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.