जुन्या फियाटची तपासणी : रामदासपेठ ते गिरीपेठ

मोटारीची नोंदणी आणि मोटारीची योग्यता या दोन गोष्टी बोलण्यात एकच मानल्या जात असल्या, तरी कायद्यात त्या वेगळ्या आहेत, आणि हा फरक वेळीच लक्षात न आल्यामुळे जुन्या गाडीच्या मालकाची बरीच धावपळ होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार टॅक्सी, बस, ट्रक अशा परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतले 'फिटनेस', ठरावीक मुदतीने घ्यावे लागते आणि वाहन आठ वर्षांहून जुने झाले की ते दरवर्षी घ्यावे लागते. खासगी मोटारीवर असे वार्षिक बंधन नाही. तिची पहिली नोंदणी १५ वर्षे टिकते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी मोटार वाहन निरीक्षक गाडी समोर उभी करून ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही हे ठरवतो.

रामदासपेठ ही नागपुरातली जुनी वस्ती असून तिथल्या बंगल्यांच्या जागी रुग्णालये आणि सदनिकांच्या इमारती उभ्या राहत गेल्या. तरीही एखाद्या पोर्चमध्ये कापडाखाली झाकलेली जुनी मोटार अजून दिसू शकते, आणि ती फियाट असण्याची शक्यता मोठी असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' तयार होऊ लागली आणि हीच गाडी पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घरोघरी पोचली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक ही तिची ठेवण होय. तपासणीच्या दृष्टीने मात्र तिचा सर्वांत महत्त्वाचा गुण डोळ्यांना दिसत नाही : या गाडीला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी सांगाड्याची चौकट नाही, तर तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे दरवाज्याखालची पोकळ पट्टी, म्हणजे सिल, किंवा पायाखालचा फ्लोअर गंजला तर तो केवळ दिसण्यातला दोष राहत नाही, गाडीच्या कण्यालाच कीड लागलेली असते. वरून पुट्टी भरून रंग मारलेला पत्रा डोळ्यांना फसवतो. म्हणून अनुभवी मिस्त्री आधी रंगाकडे पाहत नाही, तो गाडीखाली जाऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर ठोकतो. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, पुट्टीखाली सडलेला पत्रा बद्द आवाज करतो.

पत्र्यानंतर ब्रेक, आणि तयारीतला सर्वाधिक वेळ इथेच जावा. ड्रम ब्रेकमध्ये पेडल दाबले की मास्टर सिलिंडर तेलाला दाब देतो, तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या लहान सिलिंडरपर्यंत पोचतो आणि त्यातले पिस्टन दोन अर्धगोल ब्रेक-शू बाहेर ढकलून फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूवर घासायला लावतात. चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचा ब्रेक लवकर बिघडतो, कारण ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, त्या ओलीने सिलिंडर आतून गंजतो आणि पिस्टन जाम होतो. चारपैकी एक चाक असे उशिरा धरू लागले की ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते. मिस्त्री गाडी जॅकवर घेऊन ड्रम उतरवतो, चाकाच्या सिलिंडरवरची रबरी टोपी नखाने किंचित उचलतो आणि तिच्या आत बोट फिरवतो. बोट कोरडे निघाले तर ठीक. ओले निघाले तर सिलिंडर गळतो आहे हे नक्की होते. तेलाने भिजलेले लायनर, म्हणजे ब्रेक-शूवरचे घासणारे अस्तर, पुसून पुन्हा बसवणे हा जिवाशी खेळ आहे. ते बदलायचे, आणि एका चाकाचे बदलले तर जोडीच्या चाकाचेही बदलायचे.

त्यानंतर नळ्यांतली हवा काढण्याचे काम येते. तेल दाबाखाली आकसत नाही, हवा आकसते. म्हणून नळीत बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि चाकापर्यंत पूर्ण जोर पोचत नाही. एक जण आत बसून पेडल सांभाळतो, दुसरा चाकाशी बसून बाटलीत बुडवलेल्या पारदर्शक नळीकडे पाहत असतो आणि खालून 'दाब... धरून ठेव... सोड' असे आवाज येत राहतात. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने होते आणि नळीतून बुडबुडा येणे थांबेपर्यंत एकेक चाक पुरे केले जाते. हे काम घाईचे नाही.

पुढच्या चाकांतला ढिलेपणा पारखण्याची रीत तितकीच साधी आणि तितकीच खात्रीची आहे. चाक उचलून ते वरून आणि खालून धरून हलवले असता 'खट' असा धक्का जाणवला, तर दोष बेअरिंगचा असेल किंवा किंगपिनचा, म्हणजे ज्या उभ्या खिळ्याभोवती पुढचे चाक वळते त्याचा. मग मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून चाक पुन्हा हलवतात. धक्का नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. यात उपकरण काहीही लागत नाही, लागतात ते दोन हात आणि त्या हातांना वर्षानुवर्षांच्या कामाने आलेली जाण, आणि जुन्या गाड्या टिकवायच्या असतील तर सुट्या भागांइतकीच ही जाण टिकवणे गरजेचे आहे.

प्रदूषण चाचणी, म्हणजे पीयूसी, ही मात्र यंत्राची परीक्षा आहे. २००० पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी इंजिन निवांत फिरत असताना धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५०० भाग, इतकी आहे. पहिला आकडा वाढला तर कार्ब्युरेटर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त देतो आहे असे समजावे. दुसरा वाढला तर बहुधा एखादा सिलिंडर ठिणगी चुकवत असतो, आणि अशा वेळी प्लग, डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट आणि व्हॉल्व्हची ठेवण यांकडे वळावे. इंजिन पुरते तापल्यावर आणि चोक पूर्ण उघडल्यावरच चाचणी करावी, कारण थंड इंजिन चांगल्या गाडीलाही नापास करते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासून जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा यांवरही नजर ठेवावी लागते, कारण त्या काळातले रबर या मिश्रणासाठी घडवलेले नव्हते.

नागपूर शहराचे प्रादेशिक परिवहन कार्यालय, ज्याचा संकेतांक एमएच-३१ आहे, अमरावती मार्गावर गिरीपेठेत आहे आणि रामदासपेठेहून ते फार दूर नाही. तरीही एप्रिल-मे महिन्यांत हा पल्ला जुन्या फियाटला जड जाऊ शकतो. पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना सिग्नलवर थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलपंप इतका तापतो की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफ ओढू शकत नाही आणि इंजिन बंद पडते. यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात. पंपावर ओले फडके गुंडाळून थोडे थांबणे हा त्यावरचा जुना आणि खरोखर लागू पडणारा उपाय आहे. शक्य असेल त्याने तपासणीची वेळ हिवाळ्यात घ्यावी.

कार्यालयात गेल्यावर कागदांचा भाग येतो : नमुना २५ मधील अर्ज, मूळ नोंदणीपुस्तक, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि शुल्क. २० वर्षांहून जुन्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले; २०२२ पूर्वी ते अवघे ६०० रुपये होते. हस्तलिखित नोंदणीपुस्तकातली माहिती संगणकातील 'वाहन' प्रणालीत आधी चढलेली नसेल तर ते काम पहिले करून घ्यावे लागते. अर्ज मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत करता येतो.

प्रत्यक्ष तपासणीत निरीक्षक दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, आरसे, ब्रेक आणि स्टेअरिंग पाहतो, पण गाडीची ओळख पटते ती चेसिस क्रमांकाने. फियाटमध्ये हा क्रमांक बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर ठोकलेला असतो. त्याचा पेन्सिल प्रिंट काढतात : क्रमांकावर पातळ कागद ताणून धरायचा, पेन्सिल आडवी करून वरून हलकेच फिरवायची आणि एकेक पांढरा अंक करड्या रंगातून वर येताना पाहायचा. पन्नास-साठ वर्षांत रंगाचे थर चढलेले असले तर अंक बुजतात. अशा वेळी रॉकेलच्या फडक्याने किंवा रंग काढणाऱ्या द्रावाने तो भाग हळूहळू मोकळा करावा, पॉलिश पेपरने कधीही घासू नये, कारण घासलेला क्रमांक खोडलेल्या क्रमांकासारखा दिसतो आणि निष्पाप मालकावर संशय ओढवतो.

५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ पासून दुसरी वाटही खुली आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार मूळ रूपात राखलेल्या, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, नव्याने नोंदणी करताना 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि २०,००० रुपये शुल्कात ती नोंदणी १० वर्षे चालते. मात्र अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघू शकते. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन फुटाळा तलावापर्यंत जायचे असेल तर पाच वर्षांच्या नूतनीकरणाचीच वाट धरावी लागते. ब्रिटनने मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट दिली. जर्मनीत ३० वर्षांवरील गाडीला क्रमांकाशेवटी 'एच' अक्षर मिळते, पण दर दोन वर्षांची तपासणी तिला चुकत नाही. या दोहोंत जर्मन रीत अधिक योग्य वाटते, कारण ती जुन्या गाडीचा मान राखते आणि तिला रस्त्यावरही ठेवते.

आपल्याकडची पाच वर्षांची मुदत ड्रम ब्रेक आणि जुन्या रबराच्या मानाने फार लांब आहे. व्हील सिलिंडरची टोपी एका पावसाळ्यात फुटू शकते आणि ती फुटल्याचे कोणत्याही कागदावर उमटत नाही. म्हणून ज्यांच्या पोर्चमध्ये अशी गाडी उभी आहे त्यांनी कायद्याची वाट न पाहता दरवर्षी दिवाळीनंतर, हवा थंड झाली की, ती जॅकवर घ्यावी, चारही ड्रम उतरवावेत आणि ब्रेकचे तेल बदलून घ्यावे.