पिन बसली म्हणजे चित्र येतंच असं नाही

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात आणि आसपासच्या पेठांत यंत्रमागवाल्यांचे, केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहून पोट भरणारी बरीच मंडळी आहेत. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि त्यांचं काम एका पडद्यात मावेनासं झालं. एकीकडे टॅली, दुसरीकडे जीएसटीचं पोर्टल, शिवाय खरेदीच्या बिलांची एक्सेल. पंधरा इंची लॅपटॉपवर एक उघडलं की दुसरं झाकलं जातं. आकडा डोक्यात धरून या पडद्यावरून त्या पडद्यावर जायचं आणि नेमकी तिथेच चूक व्हायची. अशा माणसाने लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावणं ही चैन नाही.

पण तो जोडताना पैसे वाया जातात, आणि बहुतेक वेळा वस्तू बिघडलेली नसते. पिन बसली की चित्र येणार, अशी आपली समजूत असते. पोर्टच्या आकारावरून फक्त तिथे काय बसेल एवढंच कळतं. आतून काय येतं, ते वेगळं तपासावं लागतं.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे ‘व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर’. दुकानात जाऊन एवढंच मागितलं तर दुकानदार तरी काय देणार? निळ्या रंगाचा, पंधरा पिनांचा व्हीजीए आयबीएमने १९८७ साली आणला. त्यातला सिग्नल ॲनालॉग, म्हणजे सतत कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजचा. एचडीएमआय डिसेंबर २००२मध्ये आलं, त्यातला सिग्नल डिजिटल. दोघांच्या मध्ये भाषांतर करणारी चिप लागते आणि ती चिप एकाच दिशेने काम करते. नव्या लॅपटॉपला जुना मॉनिटर लावायचा असेल तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ हवा. जुन्या लॅपटॉपला नवा मॉनिटर किंवा टीव्ही लावायचा असेल तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ हवा. त्याला बहुधा यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते, आणि व्हीजीएमधून आवाज जातच नसल्याने आवाजाची वायरही वेगळी लागते. उलट्या दिशेचा कन्व्हर्टर घेतला की पडदा काळाच राहतो आणि माणूस म्हणतो, मॉनिटर गेला. एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय आणि मध्ये चिपच नाही, अशा नुसत्या वायरीही मिळतात. साध्या लॅपटॉपवर त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून काउंटरवर वस्तूचं नाव सांगण्याआधी दिशा सांगावी: लॅपटॉपमधून काय निघतं आणि मॉनिटरमध्ये काय जातं.

जुना व्हीजीए मॉनिटर मात्र भंगारात घालायची घाई करू नये. योग्य कन्व्हर्टर लावला तर टॅलीचे आकडे त्यावर आजही स्वच्छ वाचता येतात.

दुसरा मोठा गैरसमज टाइप-सीचा आहे, आणि तो जास्त महागात पडतो. ‘लॅपटॉपला टाइप-सी आहे, म्हणजे मॉनिटर चालणारच.’ यूएसबी टाइप-सी हे मुळात २०१४मध्ये ठरलेल्या आकाराचं नाव आहे: चोवीस पिनांची, उलटसुलट कशीही बसणारी जोडणी. तिच्यातून चित्र पाठवण्याच्या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. ही सोय द्यायची की नाही, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ती नसते. भिंतीवर नळ दिसला म्हणून मागे पाइप असेलच असं नाही, तसंच हे. पोर्टशेजारी डी आणि पी ही अक्षरं जोडलेली खूण किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह दिसलं तर चित्र निघण्याची खात्री धरता येते. खूण नसली तरी सोय असू शकते, म्हणून लॅपटॉपच्या तळाशी असलेला मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघणं हाच खरा मार्ग.

केबलचंही तेच. मोबाइलच्या खोक्यात येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा चार्जिंग आणि साध्या डेटापुरतीच असते, चित्र नेणाऱ्या तारा तिच्यात नसतात. लॅपटॉपही चांगला आणि मॉनिटरही चांगला असताना फक्त या केबलमुळे जोडणी अडते, आणि संशय मात्र सगळ्यात शेवटी तिच्यावर जातो.

लॅपटॉपमधून चित्र निघायची सोयच नसेल किंवा एचडीएमआयचं पोर्ट तुटलं असेल, तर डिस्प्लेलिंकची चिप असलेला यूएसबी अडॅप्टर मिळतो. तो साध्या यूएसबीवरही चालतो, पण त्याचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि प्रोसेसरवर भार येतो. हिशेबाच्या कामाला तो चांगला, गेम खेळायला नाही. ॲपलच्या एम१ मॅकबुक एअरला सरळ जोडून बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. तिथे दोन हवे असतील तर हाच उपाय.

घरोघरी ऐकू येणारी आणखी एक कल्पना: ‘जुना लॅपटॉप पडून आहे, एचडीएमआय लावून त्यालाच मॉनिटर करू.’ होत नाही. सर्वसाधारण लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवायचं असतं, आत घ्यायचं नसतं. दोन लॅपटॉप एचडीएमआयने जोडले तर दोघेही बोलत राहतात, ऐकणारा कुणीच नसतो. विंडोज १० आणि ११मध्ये वायरलेस डिस्प्ले नावाची जादा सोय टाकता येते. तिने जुन्या लॅपटॉपवर वायफायमधून चित्र घेता येतं, पण माऊस जरा मागे पडल्यासारखा वाटतो. रोज आठ तास आकडे भरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग केबलने चित्र उजळ होतं, हे खरं नाही. डिजिटल सिग्नल नीट पोचला की चित्र जसंच्या तसं येतं. नीट पोचला नाही तर ठिपके चमकतात, पडदा मधूनमधून काळा होतो. रंग फिके पडायचा प्रश्नच नाही. फुल एचडी मॉनिटरला दीड-दोन मीटरची साधी ‘हाय स्पीड’ केबल पुरते. केबलचा दर्जा खरोखर बघायचा तो शाळेतल्या प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर लांब न्यायची असेल तेव्हा, किंवा मॉनिटर फोर-के असेल तेव्हा. फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं असेल तर एचडीएमआय २.० किंवा त्यापुढचं लागतं, आणि तेही लॅपटॉप व मॉनिटर या दोघांतही; केबलही तेवढा वेग पेलणारी हवी. लॅपटॉप किंवा मॉनिटर यांतलं एक जरी जुन्या १.४चं असलं तरी वेग बहुधा तीसवर येतो आणि माऊस अडखळत चालल्यासारखा दिसतो.

‘मॉनिटर कशाला, बत्तीस इंची टीव्ही आहे की.’ सिनेमाला ठीक. अक्षरांचा हिशेब वेगळा. स्वस्त बत्तीस इंची टीव्ही पुष्कळदा १३६६ बाय ७६८चे असतात, म्हणजे एका इंचात साधारण ४९ ठिपके. साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर तेवढ्याच जागेत सुमारे १०२ बसतात. दोन हातांवरून बघताना हा फरक डोळ्यांना जाणवतोच. टीव्हीच वापरायचा असेल तर दोन गोष्टी कराव्या. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन बंद करावं, आणि त्या एचडीएमआयला ‘पीसी’ असं नाव देता येत असेल तर द्यावं. अनेक टीव्हींवर तेवढ्याने धूसर अक्षरं साफ होतात.

मॉनिटर लागला आणि दोन्हीकडे एकच चित्र दिसलं की काही जण हिरमुसतात. विंडोजची कळ दाबून ‘पी’ दाबा, चार पर्याय येतात. त्यातला ‘एक्स्टेंड’ निवडला की दोन पडदे वेगळे होतात. माऊस पलीकडे जात नसेल तर डिस्प्ले सेटिंगमधले एक आणि दोन हे चौकोन टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे ओढून मांडावे. आवाज गेला असेल तर तो बिघडलेला नाही, एचडीएमआयमधून मॉनिटरकडे गेलाय, आणि त्या मॉनिटरला बहुधा स्पीकर नाही. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून तो परत लॅपटॉपवर आणता येतो.

विजेचं बिल वाढेल ही भीतीही नको. बावीस इंची एलईडी मॉनिटर वीस-तीस वॉट घेतो, जुना छताचा पंखा याहून जास्त खातो.

जुन्या शहरात खरी काळजी घ्यायची ती अर्थिंगची, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. मॉनिटर जोडल्यावर लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, तेव्हा लोक मॉनिटरला दोष देतात. अडॅप्टरच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या धातूवर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. वाड्यांतल्या जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन नुसती नावाला असते, म्हणून तो धातूला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. एका उपकरणाला अर्थिंग आहे, दुसऱ्याला नाही, अशा स्थितीत चालू बटनावर केबल खुपसली तर दोघांमधल्या व्होल्टेजचा फरक पोर्टमधून वाट काढतो, आणि पोर्ट कायमचं निकामी होऊ शकतं. म्हणून लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही एकाच बोर्डावर, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावावेत. पिनेचा मोठा खांब मोडून दोन पिनांत बसवू नये. पहिल्यांदा जोडताना बोर्डावरची दोन्ही बटनं बंद ठेवावीत, केबल घट्ट बसवावी, मग वीज चालू करावी. तरीही मुंग्या येत राहिल्या तर मॉनिटर बदलायच्या आधी वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्यावं.