गौण विषय म्हणून चित्रपट

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट आखून दिली, तीत मुख्य विषयाच्या जोडीला एक गौण विषय ठेवलेला आहे. तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक. त्यांपैकी किमान २४ गौण विषयाचे. एवढ्या जागेत चित्रपटाचे अध्ययन बसवावयाचे झाल्यास त्याचे स्वरूप काय असावे, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आपला मानावयास हवा. कारण महाविद्यालयात चित्रपट बहुधा वाङ्मयाच्या दाराने शिरतो आणि शिरताच कथानकापुरता उरतो. कादंबरीतील काय गळले, काय बदलले, याची यादी झाली की समीक्षा झाली असे आपण समजतो.

काशीतील विद्यार्थ्याला सहज दिसेल असे उदाहरण घेऊ. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’चा (१९५६) पूर्वार्ध याच नगरीत घडतो. चित्रपटाचे नाव बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या दुसऱ्या कादंबरीचे. काशीचा भाग मात्र पहिल्या, म्हणजे ‘पथेर पांचाली’च्या (१९२९) अखेरीचा. मूळ संहिता कोणती, हा भाषांतरकाराचा नित्याचा प्रश्न येथे आरंभीच उभा राहतो. तो महत्त्वाचा खराच, पण त्याने फार दूर जाता येत नाही.

घाट प्रत्यक्ष काशीचे आहेत. हरिहराचे घर मात्र बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले. काशीच्या अरुंद गल्लीतील जुन्या घराच्या चौकात ऊन थेट उतरत नाही. वरून एक मऊ, जवळजवळ सावली न पाडणारा उजेड झिरपत राहतो. स्टुडिओतील दिव्यांना तो कसा साधावा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणले, दिव्यांचा झोत खालून त्यावर टाकला आणि परतून आलेल्या प्रकाशात चित्रण केले. पुढे हरिहराच्या मुखात गंगाजल पडते आणि त्याच क्षणी कबुतरांचा थवा आकाशात उधळतो. तो आघात आपल्याला भिडतो, याचे एक कारण त्या बंद, धूसर चौकात आपण इतका वेळ वावरलेलो असतो हे आहे. कादंबरी कितीही बारकाईने वाचली तरी हे कळणार नाही. त्यासाठी वास्तुरचनेचा विद्यार्थी हवा, प्रकाशाचे परावर्तन जाणणारा हवा, चित्रकलेचाही हवा. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या शेजारी बसावे, एवढेच आंतरविद्याशाखीय या बोजड शब्दातून मला अभिप्रेत आहे.

दादासाहेब फाळके यांचे शिक्षण तरी दुसरे काय होते? मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, मुद्रण, शिवाय जादूचे प्रयोग. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या सर्व विद्यांच्या संगमावर जन्मला. त्याच्या कथेचे स्मशानही काशीचेच. पुढे १९२० च्या सुमारास कंपनीतून बाहेर पडून फाळके सहकुटुंब काशीस येऊन राहिले. येथे त्यांनी लिहिले ते चित्रपटाची संहिता नव्हे, तर ‘रंगभूमी’ हे तत्कालीन नाट्यव्यवसायावरील उपहासात्मक मराठी नाटक. चित्रपट आणि नाटक यांच्या भिंती आपण अभ्यासक्रमात जितक्या जाड बांधतो, तितक्या त्या निर्मात्याच्या मनात नव्हत्या. मराठी नाट्यसमीक्षेने या नाटकाची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे माझे मत आहे.

चित्रपट शिकविणारेही अन्य शास्त्रांतूनच आले. पुण्याच्या संस्थेत (स्थापना १९६०) चित्रपट-रसास्वादाचे अध्यापन रुजविणारे सतीश बहादुर हे मुळात आग्र्यातील अर्थशास्त्राचे अध्यापक होते. दृश्यामागून दृश्य थांबवून, ‘पथेर पांचाली’ पुनःपुन्हा दाखवून ते शिकवीत. गौण विषयाला हीच पद्धती मानवेल. वर्षभरात वीस चित्रपट धावते दाखविण्यापेक्षा तीनच दाखवावेत, प्रत्येक दोनदा. आणि परीक्षेत कथासार विचारू नये. एकाच दृश्याचे वर्णन दोन पाने लिहावयास सांगावे: प्रकाश कोठून येतो, कॅमेरा कोठे उभा आहे, ध्वनी केव्हा थांबतो. आपल्या मुख्य विषयाने त्या दृश्यात आपल्याला काय दाखविले, हे विद्यार्थ्याने तिसऱ्या पानावर लिहावे. गुण त्या पानाला अधिक असावेत.